किल्ला तोच, खर्च वेगळा : एका घरातले तेरा रविवार

२२ डिसेंबर २०२४, रविवार. गेम झोनचं कार्ड ६००, पिझ्झा ७४०, आइस्क्रीम १८०, दारातला दिवे लागणारा फुगा १५०, जाता-येता रिक्षा २४०. एकूण १,९१०. फुगा रिक्षात फुटला. धाकटा तिथून घरापर्यंत रडला आणि दारात चपला काढता काढता लेकीने विचारलं, "मम्मी, आता काय करायचं?"

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. एकोणीसशे म्हणा की दोन हजार, ते घालवून आम्ही मुलांचा एक रविवारसुद्धा पुरता भरू शकलो नव्हतो.

मी बेळगावच्या शहापुरातल्या एका सोसायटीत हिशेब बघते. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासायची आणि घरचा किरकोळ खर्च मात्र 'गेले असतील' म्हणून सोडून द्यायचा, अशी आमची रीत. त्या रात्री फोनवरच्या पेमेंटच्या नोंदी ऑक्टोबरपासून चाळल्या. तीन महिन्यांत सात वेळा बाहेर गेलो होतो, त्याचे ११,४८० रुपये. त्यात रोख दिलेले नाहीत. दोघांचा पगार मिळून ४१ हजार, त्यातून घरभाडं, शाळेची फी, गाडीचा हप्ता. म्हणजे ही रक्कम डोळ्याआड करण्याजोगी नव्हतीच.

घर कसं आहे ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. आम्ही वडगावात राहतो. मिस्टर उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसरी असली की शनिवारी रात्री घरी यायला साडेअकरा होतात. लेक दहा वर्षांची, चौथीत. मुलगा सव्वासहा वर्षांचा, बसमध्ये बसला की पाऊण तासाने त्याचा चेहरा हिरवा पडायला लागतो. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या, पण 'घरी बसा' म्हटलेलं त्यांना आवडत नाही. गाडी एकच, दुचाकी. पाच माणसं त्यावर मावत नाहीत, हे पोलिसांनी सांगायची गरज नाही.

गेम झोनच्या त्या रविवारनंतर तीनच दिवसांनी नाताळची सुट्टी आली. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं होत होती. गांधीजी एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, तेही १९२४ च्या डिसेंबरात, आमच्या टिळकवाडीत. त्यासाठी शहरभर रोषणाई केली होती. २५ तारखेला संध्याकाळी जेवणं उरकून आम्ही नुसतं चालत निघालो. चौक झाले, कमानी झाल्या, काँग्रेस रोडवर अधिवेशनाच्या वेळी खणलेली विहीर झाली. एवढ्या माणसांना पाणी कुठून आणलं असेल हा प्रश्न लेकीला पडला आणि उत्तर समोरच होतं. मुलगा दिव्यांचे रंग मोजत होता, निळ्यापाशी दरवेळी थांबत होता. पावणेदहाला घरी आलो. खर्च म्हणजे पन्नास रुपयांचे शेंगदाणे आणि दोन चहा. "आता काय करायचं" कुणी विचारलं नाही, दोघंही कपडे न बदलता झोपली.

मी तेव्हा एवढंच मनाशी म्हटलं, पैसे कशात जातात ते एकदा नीट लिहून बघू. सोसायटीतून एक जुनी, निम्मी कोरी वही आणली. तारीख, कुठे, घरातून किती वाजता निघालो, परत किती वाजता, कशाला किती, आणि शेवटी मुलांनी दहापैकी दिलेले मार्क. वेळेचा रकाना का घातला ते आठवत नाही. बहुधा कामाच्या सवयीने, आमच्याकडे प्रत्येक नोंदीला वेळ लागते. पुढे त्याच रकान्याने सगळं उघडं पाडलं.

पहिली नोंद ५ जानेवारी २०२५ ची. मुहूर्त असा की नेमकं त्याच दिवसापासून कर्नाटकातलं बसभाडं १५ टक्क्यांनी वाढलं. मिस्टर म्हणाले, "झालं, तुझ्या वहीला पहिल्याच दिवशी फोडणी." पण आमच्या घरातल्या तिघींना त्याची झळ नव्हती. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना सरकारच्या साध्या बसमध्ये फुकट प्रवास आहे. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. सगळे त्याला झिरो तिकीट म्हणतात. म्हणजे मी, लेक आणि सासूबाई झिरो, धाकट्याचं अर्धं आणि मिस्टरांचं पूर्ण. पाच माणसांत दीड तिकीट. हा हिशेब माझ्या ध्यानात यायला दीड वर्ष लागलं, कारण रविवारी आम्ही बसने कधी गेलोच नव्हतो. ऑफिसला रोज झिरो तिकिटाने जाणारी मी, रविवार आला की रिक्षाला हात करत होते. सुट्टीच्या दिवशी बसची वाट बघणं कमीपणाचं वाटायचं की काय, कोण जाणे.

त्या रविवारी किल्ल्यात जायचं ठरलं. बेळगावात वाढलेल्या माणसाला किल्ला म्हणजे बसस्टँडच्या पलीकडचा, येता-जाता दिसणारा. आत शेवटचं कधी गेलो होतो हे मला आणि मिस्टरांना दोघांनाही सांगता येईना. उठलो आठला. अंघोळी, इस्त्री, धाकट्याचा एक बूट सापडत नव्हता तो. घरातून निघालो १०.४० ला. बस नुकतीच गेली होती, म्हणून रिक्षा, १३०. पोचलो तर ऊन डोक्यावर. पाणी आणलं नव्हतं, दोन बाटल्या ४०. कमल बस्ती, म्हणजे किल्ल्यातलं जैन मंदिर, बघितली, पण मुलांचं लक्ष तहानेकडे. बारा वाजता धाकट्याला भूक लागली आणि त्याची भूक वाट बघत नाही. बाजारात हॉटेलात शिरलो, ४२०. बाहेर पडल्यावर ऊन म्हणून आइस्क्रीम, १२०. आइस्क्रीमच्या गाड्याशेजारी खेळण्यांची गाडी असतेच, ६०. मग थकलो म्हणून परत रिक्षा, १३०. एकूण ९००. मार्क : लेक पाच, धाकटा 'बंदुकीला दहा'.

प्रवेश फुकट असलेल्या जागी नऊशे रुपये. मिस्टर म्हणाले, "बघ, गेम झोन काय नि किल्ला काय."

मला ते पटलं नाही. वही उघडून बघितलं तर नऊशेतला एकही रुपया किल्ल्याने घेतलेला नव्हता. सगळे पैसे १०.४० ने घेतले होते. उशीर झाला म्हणून रिक्षा, ऊन झालं म्हणून पाणी, दुपार झाली म्हणून हॉटेल, थकलो म्हणून पुन्हा रिक्षा. एकातून एक निघालेलं.

सोसायटीत एखादी नोंद संशयास्पद वाटली की आम्ही तीच रक्कम दुसऱ्या बाजूने मोजतो. तसंच केलं. १२ तारखेला संक्रांतीच्या तिळगुळात घर अडकलं होतं. १९ जानेवारीला पुन्हा किल्लाच. मुलं कुरकुरली, "तेच काय आणि?" रात्रीच पिशवी भरून दाराशी ठेवली. शेंगदाण्याची चटणी, केळी, पाण्याच्या तीन बाटल्या, धाकट्यासाठी जादा शर्ट. दशम्या तेवढ्या पहाटेच्या. सात दहाला घराबाहेर. सासूबाई आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "काय बघायचं ते सकाळी बघा. उनात काय हुडकायलासा?" त्यामुळे त्या स्वतः सगळ्यात आधी तयार होऊन बसल्या होत्या.

आठच्या आत किल्ल्यात. दारातल्या दुर्गादेवीला हात जोडले, आत चिंचेखाली चटई टाकली. कमल बस्तीत आम्ही पाचजण आणि एक झाडणारा माणूस, बाकी कोणी नाही. ही बस्ती १२०४ सालची. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्याने बांधली. आत नेमिनाथ, आणि वर छताला दगडात कोरलेलं उलटं कमळ. त्याला ७२ पाकळ्या आहेत असं सांगतात. मी लेकीला म्हटलं, मोजून दाखव. ती जमिनीवर उताणी झोपली आणि बोटाने मोजू लागली. चाळिसाच्या पुढे चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. धाकट्याला खांबांचं वेड लागलं. काळे खांब असे गुळगुळीत की त्यात तोंड दिसतं. प्रत्येक खांबासमोर जाऊन तो जीभ काढून बघत होता. दोन आठवड्यांपूर्वी हेच खांब, हेच कमळ त्यांनी बघितलं होतं आणि त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं.

मग सफा मशिदीवरून, रामकृष्ण आश्रमावरून, खंदकाच्या कडेने फेरी. विवेकानंद १८९२ साली बेळगावात येऊन राहिले होते हे मिस्टरांनी सांगितलं, धाकट्याने विचारलं, "बसने आले?" साडेदहाला आम्ही घरी. बस दोन्हीकडची मिळून ४६, दोन चहा २४, परत शेंगदाणे २०. एकूण ९०. मार्क : लेक आठ, धाकटा नऊ. एक मार्क का कापला विचारलं तर, "कुत्रं पळून गेलं."

तोच किल्ला, तीच माणसं. फरक साडेतीन तासांचा आणि ८१० रुपयांचा. मिस्टर वही बघून काही बोलले नाहीत, पण पुढच्या शनिवारी गजर त्यांनी स्वतः लावला. २६ जानेवारी रविवारीच आली. शाळेत झेंडा, नंतर जिलेबी, त्यामुळे तो गजर काही उपयोगी पडला नाही ही गोष्ट वेगळी.

पुढचे दोन थोडक्यात. २ फेब्रुवारी, राजहंसगड. येळ्ळूरपर्यंत बस आणि चढाला सासूबाईंसाठी रिक्षा ठरवली, म्हणून २६०. तटावरून चौफेर दिसतं, शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. २०२३ च्या मार्चात एकाच आठवड्यात त्याचं दोनदा अनावरण झालं होतं, ती कथा मिस्टरांनी चढताना रंगवून सांगितली. वारा इतका की धाकट्याची टोपी उडाली ती आजही तिथेच कुठेतरी असेल. ९ फेब्रुवारी, हलशी. खानापूरला बस बदलून, नंदगडवरून. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली ते ठिकाण वाटेत. हलशी ही कदंब राजांची दुसरी राजधानी. तिथल्या भूवराह नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, इकडे नरसिंह आणि तिकडे वराह. मुलांनी मधल्या मंडपात 'सिंहाकडून डुकराकडे' पळायचा खेळ काढला, पुजाऱ्यांनी रागावण्याऐवजी वेळ मोजून दिली. परतीची बस एक तास वीस मिनिटं आली नाही. तेवढा वेळ भजी आणि अंताक्षरी. ३१० रुपये, मार्क लेक नऊ, धाकटा सात, दोन मार्क ओकारीचे.

१६ फेब्रुवारीबद्दल मात्र सावकाश सांगते.

लेकीच्या वर्गशिक्षिकेने सांगितलं होतं की फेब्रुवारीत चार दिवस जगभरची माणसं आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. त्या वर्षी १४ ते १७ तारखा होत्या. किमान पंधरा मिनिटं एका जागी राहायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्षीनोंदीच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची, बस. पैसे नाहीत, नावनोंदणी फोनवर. आम्ही टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो निवडलं. शहराच्या मधोमध एवढी जुनी झाडं दुसरीकडे नाहीत. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, पण ती सगळी रस्त्यावरून गोल फिरते, झाडाखाली कोणी थांबत नाही.

आम्ही थांबलो. लेकीकडे वही, मिस्टरांकडे फोन, धाकट्याचं काम फक्त बोट दाखवायचं आणि ओरडायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत कावळे आणि मैना. धाकटा कंटाळणार असं वाटत असतानाच 'टुक टुक टुक' असा आवाज सुरू झाला. तांबट. दिसेना. दोघंही मान वर करून फांदी न् फांदी शोधत होती, सहा मिनिटं झाली तरी. सापडला तेव्हा तो चिमणीएवढा निघाला, आणि आवाज तर एखाद्या तांबट आळीचा. पंधरा मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. यादीत नऊ जाती, बुलबुल चौदा.

सासूबाई बाकावर बसून होत्या. लेकीने विचारलं, "आज्जी, याला व्हॅक्सिन डेपो का म्हणतात? कोरोनाची लस इथली काय?" तर त्यांनी पदर सरकवला आणि दंडावरचे वण दाखवले, दोन गोल, सुरकुतलेल्या नाण्यांसारखे. देवीची लस. लहानपणी गावात आरोग्याची माणसं आली की पोरं उसात लपायची आणि यांच्या वडलांनी यांना उसातून ओढून काढलं होतं. इथे एकेकाळी देवीच्या लशीचं काम चालायचं, आपल्या दंडातली लस इथलीच असणार हे त्या ठामपणे सांगतात. देवी म्हणजे रोग हे मुलांना माहीतच नव्हतं. धाकट्याने वणावर बोट ठेवून विचारलं, "दुखतंय?" मग त्याने आपला दंड बघितला, माझा बघितला, पप्पांचा बघितला. मोठे वण फक्त आज्जीकडे. शाळेत सोमवारी त्याने ही बातमी सगळ्यांना दिली. पक्ष्यांची नाही, वणांची.

खर्च ७०, त्यातले ५० येताना घेतलेल्या पेरूंचे. मार्क दोघांचे दहा. सासूबाईंनी न विचारता स्वतःचेही दहा लिहायला लावले.

इथवर आलं की वाटतं, जमलं. म्हणून पुढचे रविवार सांगायला हवेत.

२३ फेब्रुवारीला वैजनाथचा डोंगर ठरला होता, देवरवाडीचा. आमच्यापासून लांब नाही, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथे जाताना आमचं झिरो तिकीट हद्दीपाशी संपतं. पलीकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण तेही त्यांच्या हद्दीपासून. दोन राज्यांच्या दोन सवलती, आणि मधला तुकडा आपल्या खिशातून. मी कागदावर मांडणी करून ठेवली होती, कुठे उतरायचं, कुठली बस पकडायची. आणि त्याच आठवड्यात भाषेवरून प्रकरण पेटलं, दोन्हीकडच्या बस हद्दीवर थांबल्या. सीमाभागात हे नवं नाही. सोयरीक पलीकडे, शेत पलीकडे आणि बस अलीकडे, हे आमच्या आधीच्या पिढ्यांनीही काढलंय. पण सहा वर्षांच्या मुलाला, पिशवी भरून तयार असताना, बस का नाही हे सांगणं अवघड जातं. "भांडण झालंय" म्हटलं. "कुणाचं?" म्हणाला. "मोठ्यांचं." त्यावर, "मग आपण का नाही जायचं?"

भरलेली पिशवी घेऊन पायीच निघालो. कपिलेश्वराचं दर्शन, तळ्याकाठी दशम्या आणि मग शेजारच्या रेल्वेपुलावर उभं राहून खाली गाड्या बघत बसलो. एक मालगाडी गेली. धाकट्याने ४३ डबे मोजले, लेकीने ४५, आणि यावरून घरी येईपर्यंत वाद. खर्च ३०. मार्क : धाकटा दहा. हा मुलगा बसमध्ये ओकतो आणि रेल्वे नुसती बघून खूश होतो, हे पत्करून आम्ही पुढचे बेत करायला हवे होते. केले नाहीत.

कारण १६ मार्चला आम्ही गोकाकला गेलो. जाण्याचं खरं कारण लिहिते. झिरो तिकीट. फुकट आहे तर मग लांब का नको, असा विचार माझा. घटप्रभेचा धबधबा, ५२ मीटर उंची, घोड्याच्या नालेसारखा कडा, लहानपणी आमच्या शाळेची सहल गेली होती. ती सहल पावसाळ्यानंतरची होती हे मी सोयीने विसरले. सकाळी पावणेसातला निघालो, म्हणजे वेळेचा नियम पाळला होता. जाताना बसमध्ये धाकटा दोनदा ओकला. पोचलो तर काळा कातळ, आणि त्यावरून पाण्याची एक दोरी. लेक म्हणाली, "मम्मी, नळ सोडलाय काय?" मार्चात तिथे पाणी नसतं हे तिथला कुठलाही चहावाला सांगेल, आणि त्याने ते सांगितलंच, आम्ही पोचल्यावर. १८८७ ची ती गिरणी आणि पाण्याच्या जोरावर तिथे काय काय चालायचं हे मिस्टर हौसेने सांगत होते, पण पाणीच दिसत नसताना पाण्याचा जोर मुलांना कसा पटावा! बस २५६, जेवण ३९०, सोडा ७४, आणि एवढं आलोय तर म्हणून करदंट, ही तिथली मिठाई, ३२०. एकूण १,०४०. मार्क : लेक तीन, धाकट्याने शून्य हा आकडा मोठ्या आनंदाने स्वतः काढला.

लवकर निघालं की खर्च कमी, हे मी वहीत ठळक लिहून ठेवलं होतं. गोकाकने त्याच्याखाली दुसरी ओळ लिहायला लावली. चार तास प्रवासात गेले की सकाळी सातला निघालेला माणूसही जेवायला हॉटेलातच असतो. मुलाला जेवढा वेळ बस सोसते त्याच्या आतलंच ठिकाण आपलं. आमच्यासाठी पाऊण तास. झिरो तिकिटावर पैसे लिहिलेले नसतात, तास तर नसतातच.

आता वहीत सुरुवातीला नसलेल्या एका रकान्याबद्दल. ९ मार्चच्या आदल्या आठवड्यात मिस्टरांची दुसरी पाळी होती. रात्री बाराला जेवून झोपलेल्या माणसाला सहाला उठवणं बरं नाही. मी एकटीच मुलांना घेऊन किल्ल्यात गेले, तिसऱ्यांदा. मी आणि लेक झिरो, धाकट्याचं अर्धं तिकीट जाऊन-येऊन १६, कुल्फी २४. चाळीस रुपयांत सकाळ. घरी आले तेव्हा मिस्टर ताजेतवाने, सासूबाईंनी भात लावलेला. सगळं छान. आणि मी दुपारी तीन वाजता भाजी चिरता चिरता बसल्या जागी झोपले.

त्या दिवशी मागे जाऊन प्रत्येक रविवारापुढे लिहिलं : कोण उठलं. सगळीकडे मीच. पाचला उठून दशम्या मी लाटल्या होत्या, रात्री पिशवी मी भरली होती, परत आल्यावर डबे मी घासले होते. नव्वद रुपयांचा तो रविवार नव्वदचा नव्हताच. उरलेले पैसे माझ्या झोपेतून गेले होते आणि झोपेचं व्हाउचर कोणी फाडत नाही. पालकांसाठी लिहिणारे 'घरचा डबा न्या, पैसे वाचवा' एवढं सांगून मोकळे होतात. डबा कोण करणार ते वाक्य लिहायचं राहून जातं.

वही मी मिस्टरांपुढे ठेवली. भांडले नाही, नुसती ठेवली. तेव्हापासून पिशवी आणि बाटल्या त्यांच्याकडे, पहिली पाळी असो वा दुसरी. आणि दशम्यांऐवजी गाड्यावरचे पोहे किंवा इडली, पाचजणांना शंभर-सव्वाशे. हा खर्च मी डोळे उघडे ठेवून वाढवला. बचतीला कुठेतरी थांबवावं लागतं, नाहीतर ती घरातल्या एकाच माणसाला खाते.

गेम झोन पूर्ण बंद केला का? नाही. लेकीने सरळ विचारलं होतं, "मैत्रिणी जातात, आम्ही फक्त दगड बघायचे?" तिचं खोटं नव्हतं. २ मार्चला गेलो, अटी ठरवून. घरून जेवून जायचं, कार्ड ४०० चं, ते संपलं की निघायचं, जाताना-येताना बस. तरी ८५० गेले, कारण आत गेल्यावर मिस्टरांनाच गाड्यांच्या शर्यतीचा मोह आवरला नाही. मार्क दोघांचे आठ. पण तीन महिन्यांतून एकदा गेल्यामुळे ते जणू जत्रेला गेल्यासारखे वागले. आधी दर पंधरवड्याला जायचो तेव्हा हेच आठ मार्कही कधी मिळाले नसते.

२३ मार्च परीक्षेच्या अभ्यासात गेला आणि ३० मार्चला गुढीपाडवा. तिथे वही बंद केली. तेरा रविवार, नऊ वेळा बाहेर, एकूण ३,५९०. त्यातले २,७९० फक्त तीन रविवारांचे, पहिला किल्ला, गेम झोन आणि गोकाक. उरलेल्या सहांचे मिळून ८००. ऑक्टोबर ते डिसेंबरचे ११,४८० शेजारी लिहिले आणि खाली सही केली, सवयीने.

आमचं सगळ्यांना लागू पडेल असं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला बस थांबते, हे नशीब. घरात झिरो तिकिटाच्या तिघी आहेत. दोन मुलगे आणि बाप असं घर असेल तर हाच हिशेब वेगळा येईल. ज्यांना रविवारीही दुकान उघडावं लागतं त्यांनी सातला कुठे निघायचं? आणि आमचीही निम्मी परीक्षा बाकी आहे. हे तेरा रविवार जानेवारी ते मार्चचे, कोरडे. जूनला बेळगावचा पाऊस लागला की तो सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ बघत नाही. ओल्या चिंचेखाली चटई टाकता येत नाही, पुलावर उभं राहता येत नाही, आणि कोरडं छप्पर असलेली, मुलांना पळू देणारी, पैसे न घेणारी जागा मला या शहरात अजून सापडलेली नाही. त्यासाठी नवी वही लागेल.

जुनीची शेवटची दोन पानं उरली होती. ती लेकीने परस्पर घेतली. काल बघितलं तर तिथे तिच्या अक्षरात पुढची यादी होती. पहिल्याच ओळीत : "गोकाक. ऑगस्टमध्ये. चहावाल्या काकांना आधी विचारून. छोटू खिडकीत, पप्पा पिशवी, मम्मी झोपणार." त्याखाली धाकट्याने पेन्सिलने मार्क आधीच देऊन ठेवले आहेत, दहा, आणि शेजारी कंसात चित्र, डब्यांची लांबच लांब आगगाडी.